बूदिगुड्ड्याचे दोन घडे

कोठाराच्या फरशीवर खडूने तीन मोठे चौकोन आखले होते. एकात लिहिलं होतं औरंगाबाद, दुसऱ्यात म्हैसूर, आणि तिसऱ्यात नुसतंच ‘इथेच’. राज्याचे तीन तुकडे होणार हे सगळ्या हैदराबादला वर्षभर ठाऊक होतं. वर्तमानपत्रात नकाशे येत होते. बेगम बाजारात हळदीचा भाव विचारावा तसं लोक एकमेकांना विचारत होते, तुमचा तालुका कुठे गेला? पण भगवंतरावांना ते खरं वाटलं ते या खडूच्या रेघांपाशी उभं राहिल्यावर. छापलेली रेघ माणूस वाचतो आणि घडी घालून ठेवतो. ही ओलांडताना त्यांचा पाय आपोआप उचलला जाई.

भगवंतराव पुराणवस्तूंच्या खात्यात नक्षानवीस होते. म्हणजे जमिनीतून जे निघेल, मडकं, कुऱ्हाड, मणी, त्याचं माप घ्यायचं, चित्र काढायचं आणि रजिस्टरात नोंद करायची. निजामाच्या अमलात लागले, पोलीस ॲक्शन झालं, साहेब बदलले, कचेरीची भाषा उर्दूची इंग्रजी झाली, हुद्द्याचं नाव ड्राफ्ट्समन झालं. पेन्सिल मात्र तीच राहिली. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मराठी असल्यामुळे औरंगाबादला जायची मुभा होती. पत्नी सत्यवतीबाई म्हणाल्या, “इथेच राहू.” का, ते दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

कोठार होतं कोठी नावाच्या पेठेच्या अलीकडे, एका जुन्या देवडीत, म्हणजे नवाबी वाड्यात. गौस मियाँ तिथले कोठारवाले. भगवंतरावांनी यादी वाचायची, गौस मियाँनी वस्तू उचलून त्या त्या चौकोनात ठेवायची, असं आठवडाभर चाललं होतं.

“ये कुल्हाडी किधर, पंडतजी?”

“परभणी. औरंगाबादेत ठेवा.”

“चलो मियाँ,” गौस मियाँ त्या दगडी कुऱ्हाडीला म्हणाले, “हजारों बरस एक जगे पे नौकरी किए, अब तबादला. मेरा हाल भी येइच होता दिखरा.”

भगवंतराव हसले, पान उलटलं, आणि पुढची ओळ वाचायला त्यांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

टंकलिखित यादीत असं होतं: बूदिगुड्डा. क्रमांक एकशे चौदा, घडा, राखाडी मातीचा: म्हैसूर. क्रमांक एकशे पंधरा, घडा, पहिल्यासारखाच: इथेच. क्रमांक एकशे सोळा, हाडे, लहान, बकरीची असावीत: काढून टाकावी.

“क्या हुआ जी?”

“काही नाही. हे राहू द्या. पुढचं घेऊ.”

“राहू द्या कायकू? दो गडे है, एक उधर, एक इधर. सीधा हिसाब है.”

हिशोब सरळच होता. बूदिगुड्डा गावाच्या शिवारातून, मधल्या ओढ्यावरून, नव्या हद्दीची रेघ गेली होती. वाटणीच्या समितीने ठरवलं होतं की अशा ठिकाणच्या एकसारख्या वस्तू दोन्हीकडे निम्म्या निम्म्या द्याव्यात. त्यात कोणाची लबाडी नव्हती. समितीपुढे रजिस्टर होतं, आणि रजिस्टरात जे होतं ते भगवंतरावांनीच बावीस वर्षांपूर्वी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

आणि ते खोटं होतं.

*

बूदिगुड्डा म्हणजे राखेची टेकडी. कानडीत बूदि म्हणजे राख. गावकरी सांगत, इथे एका राक्षसाला देवाने जाळलं, त्याची ही राख. भगवंतराव तेव्हा तिशीत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी खणलेल्या खड्ड्यातून चिमूटभर राख घेतली आणि कपाळाला लावली. उत्खननाचे साहेब मोठ्याने हसले होते. “अहो, राक्षस नाही नि देव नाही. हे शेण आहे. गाई कोंडायच्या, शेण साचायचं, आणि सण आला की पेटवायचं. अशा शेकडो होळ्या आहेत या.”

“मग भस्म दुसऱ्या कशाचं करतात, साहेब?” भगवंतराव म्हणाले, आणि कपाळ पुसलं नाही.

त्या साहेबांना रोज संध्याकाळी चहा घेताना बोलायची सवय होती. ते सांगत, ही लोखंड न पाहिलेली माणसं. दगड घासून घासून कुऱ्हाड करायची. त्याआधी यांचे वाडवडील शिकारीमागे हिंडत. आज इथे, उद्या तिथे. मग कधीतरी त्यांनी गुरं राखली, दाणा पेरला. “आणि एकदा पेरलं,” साहेब म्हणत, “की थांबावं लागतं, भगवंतराव. उगवेपर्यंत, पिकेपर्यंत. थांबायचं म्हणून भिंत आली, भिंत आली म्हणून जमीन सारवणं आलं. तुमचं आमचं सगळं गणगोत त्या थांबण्यातून निघालंय.”

भगवंतरावांना हे ऐकताना कीर्तनाला बसल्यासारखं वाटे.

मग पौषात हैदराबादहून तार आली आणि ते घरी गेले. सत्यवतीबाई बाळंत झाल्या होत्या, मुलगी होती. दहाव्या दिवशी ती गेली. बारसं बाराव्या दिवशी असतं, तेव्हा नावही ठेवलेलं नव्हतं. इतक्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. भगवंतरावांनी तिला धुवट धोतरात गुंडाळून छातीशी धरून मुसी नदीच्या काठी नेलं. खड्डा केला, वरून दूध ओतलं, दगड ठेवला. बायकांनी तिथे जायचं नसतं, आणि बाळंतिणीने तर उंबराही ओलांडायचा नसतो. सत्यवतीबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून होत्या. कुठे ठेवलं, हे त्यांनी विचारलं नाही. पुढे नदीकाठ बदलला, भिंती झाल्या, बागा झाल्या. आता विचारलं असतं तरी भगवंतरावांना ती जागा सांगता आली नसती. त्यांना दुसरं मूल झालं नाही.

माघात ते कामावर परतले, तेव्हा साहेबांना एका घराची सारवलेली जमीन सापडली होती. त्या जमिनीखाली खड्डा, आणि खड्ड्यात दोन घडे, आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले. सांध्यावर चिखलाचा गारा लिंपलेला. साहेबांनी हळूच एक घडा सरकवला आणि आत बघून म्हणाले, “तान्हं मूल आहे. नोंद करून घ्या.” आणि त्याच संध्याकाळी थंडीताप भरून ते शहरात गेले, ते पुन्हा आलेच नाहीत.

नोंद करायची राहिली भगवंतरावांवर.

तीन दिवस त्यांनी रजिस्टर उघडलं नाही. चौथ्या दिवशी ती इवली हाडं सिगारेटच्या पत्र्याच्या डब्यात कापसावर ठेवली, झाकण लावलं, आणि लिहिलं: घडा. घडा, पहिल्यासारखाच. हाडे, लहान, बकरीची असावीत. खात्याच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक मडक्याला वेगळा क्रमांक होताच, त्यामुळे त्या तीन ओळींत कुणालाच काही खटकलं नाही. चित्रंही काढली, स्वच्छ, सुबक, दोन घड्यांची दोन. गारा चित्रात घ्यायचा नसतो, तो नंतर धुतला जातो. बाकीची सगळी मडकी गौस मियाँनी हौदावर धुतली. हे दोन घडे मात्र भगवंतरावांनी धुवायला दिलेच नाहीत. त्यांना हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून तसेच गोणपाटात बांधून सर्वांत वरच्या फळीवर सारून दिले. बावीस वर्षं ते तिथे होते. फळीखालून जाताना भगवंतराव कधी वर बघत नसत.

*

त्यांनी आधी सोपा रस्ता धरून पाहिला. वाटणीचं काम बघणारे प्रभाकर साहेब वयाने त्यांच्या मुलासारखे. पुण्यात शिकून आलेले, सरळ, पण घाईत. भगवंतराव त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

“साहेब, बूदिगुड्ड्याचे ते दोन घडे एकाच ठिकाणी गेले तर बरं होईल.”

“का?”

“एकाच खड्ड्यातले आहेत.”

“भगवंतराव, एका खड्ड्यातून सत्तर मडकी येतात. ती काय सगळी सख्खी भावंडं?” प्रभाकर साहेबांनी यादी पुढे केली. “तिन्हीकडच्या सह्या झाल्यात. बदलायचं तर पुरावा पाहिजे. तुमच्या रजिस्टरात काय आहे?”

“दोन घडे, एकसारखे.”

“झालं तर मग. आणि ती बकरीची हाडं दसऱ्याआधी काढून टाका तेवढी. डब्यांनी कपाट अडलंय.”

खरं सांगायचं तर तिथेच सांगता आलं असतं. भगवंतरावांनी “बरं” म्हटलं आणि बाहेर आले. बावीस वर्षं मुरलेलं खोटं एका दमात बाहेर येत नाही. आणि आता नुसत्या शब्दाने भागणार नव्हतं हेही त्यांना दिसत होतं. दसऱ्याला चार दिवस होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालमोटारी निघणार होत्या. एक घडा एका राज्यात, एक दुसऱ्यात, आणि ज्याच्यासाठी ते दोन्ही एकत्र आले तो जीव उकिरड्यावर.

*

नवरात्रातली दुपारची कीर्तनं भगवंतरावांनी कधी चुकवली नव्हती. बरकतपुऱ्यातल्या देवळाचा सभामंडप लहान. पुरुष एका अंगाला, बायका एका अंगाला. त्या वर्षी बिदरकडचे हणमंतबुवा आले होते. पेटी थोडी फुटकी, आवाज मात्र भरलेला. बुवा गाता गाता दख्खनीत एखादी कोपरखळी मारत आणि टाळकऱ्यांच्या झांजा हसल्यासारख्या वाजत.

त्या दिवशी बुवांनी पूर्वरंगात विचारलं, “देव जवळ आहे म्हणता, मग दिसत का नाही? हौ की नाही? हाच प्रश्न ना सगळ्यांचा?” मान डोलावून ते थांबले. झांजा थांबल्या. “तुम्ही आई लेकरू निजवताना बघितलीय का कधी? मांडीवर झोपलं, आता पाळण्यात ठेवायचं. ठेवलं. मग लगेच हात काढते का ती? नाही काढत. हात तिथेच. मग एक बोट काढते. लेकरू हललं की थांबते. मग दुसरं बोट. शेवटचं बोट निघेपर्यंत लेकराला पत्ता नसतो की आई उठली. अरे बाबांनो, त्याने तुम्हाला आम्हाला या जगात असंच निजवलंय. दिसत नाही, कारण आपण निजलोय. पण शेवटचं बोट त्याने अजून काढलेलं नाही.”

आणि बुवांनी सूर धरला. सगळा मंडप टाळ्या धरून डोलू लागला. भगवंतरावांचे हात मात्र मांडीवर पडून राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे गोणपाटात बांधण्याआधी पाहिलेला तो घडा आला. त्याच्या काठाजवळच्या गाऱ्यावर काहीतरी उमटलेलं होतं. तेव्हा त्यांनी मान फिरवली होती.

घरी आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. देवघरात घट बसवलेला होता: पत्रावळीवर काळी माती, तीत पेरलेले गहू, ज्वारी, मूग, कुळीथ, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट. सहा दिवसांत अंकुर वीतभर झाले होते. सत्यवतीबाई पाणी शिंपडत होत्या. एका बाजूची माती ढळली होती, ती त्यांनी ओली करून घटाला बसवली. अंगठा खाली रोवला, चार बोटं वर, आणि दाबून धरलं. हात काढला तेव्हा मातीवर पाच खुणा राहिल्या.

भगवंतराव बघत राहिले.

“अहो, आज टाळी का नाही धरलीत? तिकडून बघत होते मी. बुवा इतकं छान बोलले.”

“सत्यवती, तुला एक सांगायचं राहिलंय.”

त्यांनी बसून सगळं सांगितलं. घर, सारवण, खड्डा, घडे. सत्यवतीबाई पाणी शिंपडत राहिल्या. पुष्कळ झालं तरी शिंपडत राहिल्या.

“केवढं होतं?”

भगवंतरावांनी दोन हातांनी दाखवलं. दाखवल्यावर हातांचं काय करावं हे त्यांना कळेना.

“आपलीएवढं,” सत्यवतीबाई म्हणाल्या.

“हो.”

“आणि तुम्ही बकरी लिहिलंत.”

“लिहवेना गं दुसरं.”

बाईंनी पाण्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “घरातच ठेवलं त्यांनी. जमिनीखाली.”

“तेव्हा तशी रीत होती. साहेब म्हणायचे, मोठ्यांना कुठेही ठेवतील, तान्ह्याला घरातच.”

“म्हणजे तिच्यावरूनच त्या आईची ये-जा. तिच्यावर चूल, तिच्यावर दळण.” त्यांनी पदराने हात पुसले. “तिने स्वतः निजवलं असेल, हो ना? तिला कुणी खाटेवर पडून राहा म्हटलं नसेल.”

बावीस वर्षांत त्या या विषयावर एवढंच बोलल्या होत्या.

“मी उद्या येते बघायला.”

“कचेरीत?”

“मग काय झालं? देवीला रोज मैलभर चालत जाते. कचेरीवाले खातात का मला?”

*

गौस मियाँनी देवडीच्या मागच्या दाराने त्यांना आत घेतलं, खुर्ची झटकली, वर आपला रुमाल अंथरला. “आओ अम्मा, बैठो. तुम्हारे हात की पुरनपोळी बीस बरस से खारा, शकल आज देख रा.”

“आणि डबा धुऊन पाठवायला बीस बरस लावता,” सत्यवतीबाई म्हणाल्या. गौस मियाँ खूश झाले.

शिडी लावून त्यांनी दोन्ही गाठोडी खाली आणली. भगवंतरावांनी स्वतः गाठी सोडल्या. गोणपाट कुजून हातात येत होतं. घडे निघाले, राखाडी, साधे, बिननक्षीचे, पोटाशी थोडे बसके. एकाच्या बुडाला कुळथाच्या दाण्याचा ठसा होता. ओला घडा कुणीतरी खळ्यावर वाळत ठेवला असेल आणि खाली दाणा राहिला असेल. सत्यवतीबाईंनी तो ठसा बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी हललं.

काठांवर गारा होता. वाळून दगड झालेला. एका घड्याच्या काठाखाली रुंद, खोल दाब. दुसऱ्याच्या काठावर चार लांबट खुणा.

“जोडा की,” सत्यवतीबाई म्हणाल्या.

गौस मियाँनी न सांगता एक घडा उचलला, भगवंतरावांनी दुसरा. मेजावर चादर घातली होती, तिच्यावर ते आडवे ठेवले, आणि तोंडाला तोंड हळूहळू सरकवलं. गाऱ्याच्या तुटल्या कडा एकमेकींत बसल्या. खाली अंगठा आणि वर चार बोटं, असा एक आख्खा हात दोन घड्यांवर मिळून उमटला.

“या अल्लाह,” गौस मियाँ हळूच म्हणाले.

तेवढ्यात प्रभाकर साहेब आत आले. कोठारात खुर्चीवर बसलेली बाई पाहून ते दारातच थबकले. “हे काय चाललंय, भगवंतराव?”

“माझ्या मंडळी आहेत, साहेब. आणि ही एकशे चौदा, पंधरा आणि सोळा.” भगवंतरावांनी पत्र्याचा डबा मेजावर ठेवला आणि झाकण काढलं. “ही बकरी नाही. मला तेव्हाही माहीत होतं.”

साहेब वाकले. कापसावर काय आहे ते त्यांनी पुरतं पाहिलं. ते आपल्या कामात हुशार होते, त्यांना सांगावं लागलं नाही.

“मग असं का लिहिलंत?”

“त्याच्या आदल्याच महिन्यात आमची मुलगी गेली होती. दहा दिवसांची.” भगवंतरावांचा आवाज सपाट होता, यादी वाचावी तसा. “हे पोर आहे असं लिहायला हात चालेना. म्हणून घडे वेगळे लिहिले आणि हाडं बकरीची लिहिली. चित्रात गाराही घेतला नाही. जाणूनबुजून केलं. तेव्हाचे साहेब विचारायला हयात राहिले नाहीत.”

सत्यवतीबाई उठल्या. मेजापाशी आल्या आणि आपला उजवा हात त्या खुणांवर धरला. टेकवला नाही, बोटभर अंतरावर, हवेत. अंगठ्यावर अंगठा आला, बोटांवर बोटं. तो हात कुठे मोठा पडला नाही की लहान. थोड्या वेळाने त्यांनी तो काढून घेतला. करंगळी आधी, मग बाकीची, एकेक करून.

प्रभाकर साहेबांनी चष्मा काढून पुसला. “हात बाईचाच आहे असं शास्त्राने म्हणता येणार नाही,” ते म्हणाले, पण अगदी हळू. “लहान आहे एवढं खरं.”

“एवढंच लिहितो, साहेब.”

“थांबा. तुम्ही लिहिलंत की मला तुमच्या सर्व्हिस बुकात घ्यावं लागेल. खोटी नोंद, समजून उमजून. तुमची दोन वर्षं राहिली आहेत. आजवर एक डाग नाही. मी दुसरी काही वाट काढू का? जुनी शाई पुसट झाली, वाचण्यात चूक झाली, असं काही.”

मनाला मोह पडावा अशीच वाट होती ती. भगवंतरावांनी सत्यवतीबाईंकडे पाहिलं. त्या घड्यांकडे बघत होत्या.

“नको. एकदा खोटं लिहून त्याची फारकत केली मी. पुन्हा खोट्यानेच जोडायला नको.”

गौस मियाँनी लाल शाईची दौत आणून ठेवली. भगवंतरावांनी रजिस्टर उघडलं. आपलं बावीस वर्षांपूर्वीचं वळणदार अक्षर त्यांनी एकदा नीट वाचून घेतलं आणि तीनही ओळींवरून एकच आडवी रेघ मारली. समासात लिहिलं: वरील तिन्ही नोंदी माझ्या हातून समजून उमजून चुकीच्या झाल्या. घराच्या सारवलेल्या जमिनीखाली तान्ह्या मुलाचे दफन. दोन घडे तोंडाला तोंड लावून, सांधा गाऱ्याने लिंपलेला. गाऱ्यावर लहान हाताचा ठसा, दोन्ही घड्यांवर मिळून. धुऊ नये. वेगळे करू नये. नग: एक.

खाली सही केली. प्रभाकर साहेबांनी शेजारी आपली केली.

“आता कुठल्या चौकोनात?” साहेबांनी विचारलं. “एकच नग आहे, तर एकाच ठिकाणी जाणार. ते घर ओढ्याच्या कुठल्या अंगाला होतं?”

भगवंतरावांना नकाशा पाठ होता. त्यांनीच काढला होता. ‘इथेच’ म्हटलं असतं तर कुणी तपासायला जाणार नव्हतं. रोज फळीखालून जाताना वर बघता आलं असतं.

“पलीकडे,” ते म्हणाले. “म्हैसूर.”

*

दसऱ्याच्या दिवशी सुट्टी होती, पण खोका भरायला तिघं आली. गौस मियाँनी नवी फळी कापून पेटी केली होती. तिच्यात भाताचा पेंढा घातला. पत्र्याच्या डब्यातला कापूस आणि त्यावरचं ते सगळं भगवंतरावांनी खालच्या घड्यात जसंच्या तसं ठेवलं, वरून दुसरा घडा लावला, आणि सुतळी न आवळता दोन्हीभोवती मऊ कापड गुंडाळलं.

सत्यवतीबाईंनी पिशवीतून घटातले अंकुर काढले. पिवळट हिरवे, नऊ दिवसांचे. सकाळी पूजा झाल्यावर पुरुषांच्या टोपीत खोवतात ते. भगवंतरावांच्या टोपीत चार होते. बाकीचे त्यांनी सगळे आणले होते.

“हे चालतील का आत?” त्यांनी विचारलं.

दारात उभ्या असलेल्या प्रभाकर साहेबांनी घसा साफ केला. घरी पाहुणे होते म्हणत म्हणत तेही आलेच होते. “ओलसर आहेत. नियमाने चालणार नाहीत.” मग थोडं थांबून म्हणाले, “घड्यांपासून लांब, कडेच्या पेंढ्यात, दोन-चार वाळलेले असले तर कोण बघतंय.”

बाईंनी त्यातले जरा वाळलेले निवडले आणि पेंढ्यात खोवले. गहू, ज्वारी, मूग, कुळीथ.

“कीला मारू?” गौस मियाँनी विचारलं.

त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि मग अगदी हळू, पाळण्याशेजारी ठोकावं तसं, खिळे ठोकायला सुरुवात केली.

नवराबायको पायीच निघाली. कोठीच्या नाक्यावर आपट्याची पानं विकणारे बसले होते. भगवंतरावांनी एक जुडी घेतली. पुढे रस्त्याला गर्दी होती म्हणून दोघं पुस्तकांच्या बंद दुकानापाशी थांबली.

“मी तिचं नाव ठरवून ठेवलं होतं,” सत्यवतीबाई म्हणाल्या. समोरच्या गर्दीकडे बघतच म्हणाल्या. “कुणाला सांगितलं नव्हतं. बारशालाच सांगायचं होतं.”

“काय?”

“इंदुमती.”

भगवंतरावांनी ते नाव मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. मग जुडीतलं एक पान तोडून बाईंच्या हातात दिलं, आणि दोघं रस्ता ओलांडून बरकतपुऱ्याकडे वळली. कीर्तनाला अजून अर्धा तास होता.